मुलांसाठी मॉनिटर घ्यायचाय, बजेट आठ हजार. आपल्या भागात कोणता टिकेल?

अनेरकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी. चोपडा तालुक्यातल्या एका गावातून लिहितोय. मुलीची आठवी आणि मुलाची पाचवी आत्ता संपतेय. पुण्याच्या भावाने ऑफिसातून निघालेला सीपीयू दिलाय, आय-थ्री, आठ जीबी रॅम, आत एसएसडी टाकलेली. डबा छान चालतो. घरचा जुना चौकोनी मॉनिटर मात्र दिवाळीतच गेला. चालू केला की दोन सेकंद चित्र येतं आणि काळा पडतो. सध्या दोघं माझ्या मोबाइलवर डोकं घालून बसतात आणि भांडतात.

बजेट आठ हजार, फार तर साडेआठ. गेम खेळायला नकोय (मुलगा हे वाचत नसावा). अभ्यासाचे व्हिडिओ, पुस्तकांच्या पीडीएफ, थोडं टायपिंग, पोरगी स्क्रॅचमध्ये (मुलांना प्रोग्रामिंग शिकवतं ते) काहीतरी करते तेवढंच. बाहेर बघितलं तर टीएन, आयपीएस, व्हीए, शंभर हर्ट्झ, 'आयकेअर', एक मिलीसेकंद. डोकं गरगरलं. बावीस घ्यावा की चोवीस? डोळ्यांचं काय? ऑनलाइन की जळगावहून?

भुसावळ_जंक्शन

घरात ३२ इंची टीव्ही असेलच ना? एचडीएमआय वायर लाव, दीडशे रुपयांत काम. आठ हजार वाचले, त्यात पोरांना कूलर घे.

तापीचं_पाणी

जंक्शनभाऊ, हा प्रयोग मी लॉकडाऊनमध्ये वर्षभर केलाय, म्हणून सांगतो. ३२ इंचाचे बरेचसे स्वस्त टीव्ही 'एचडी रेडी' असतात, म्हणजे १३६६ बाय ७६८. एवढ्या मोठ्या काचेवर एवढेच ठिपके, इंचाला पन्नाससुद्धा भरत नाहीत. क्रिकेट छान दिसतं, कारण आपण दहा फुटांवर बसतो. दोन फुटांवरून मराठी वाचायला लागलो की गंमत कळते. इंग्रजी अक्षर कसंबसं निभावतं. आपल्याकडे वर अनुस्वार, रफार, खाली रुकार, जोडाक्षराच्या पोटात अजून एक अक्षर. माझा मुलगा 'मे' आणि 'मै' यात गोंधळायचा. मला वाटलं त्याचं शुद्धलेखन कच्चं आहे. त्याला दोन मात्रा दिसतच नव्हत्या.

शिवाय काही टीव्ही चित्र थोडं फुगवून कडा कापतात. खालची टास्कबार अर्धी गायब. रिमोटच्या मेनूत ते बंद करायची सोय असते, सगळ्यांत नसते.

आणि मुख्य मुद्दा राहिलाच. टीव्ही असतो बैठकीत. पोरगी अभ्यासाला बसली की आजोबांच्या बातम्या बंद. आमच्या घरात त्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही.

खापरावरची_पोळी

मन्हं बी तेच म्हननं शे भो. टीव्ही तो टीव्ही. 😀

सातपुड्याची_ताई

मी नंदुरबार जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आकाराबद्दल एक साधी खूण सांगते, ती कुठल्या जाहिरातीत मिळणार नाही.

घरून निघताना ए-फोर कागद घेऊन दुकानात जा. तो उभा २९.७ सेंटीमीटर असतो. चोवीस इंची म्हणून विकतात तो बहुधा २३.८ इंचाचा असतो आणि त्याची उभी उंची भरते साडेएकोणतीस सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे कागद पडद्याला टेकवला तर वरखाली जवळपास बरोबर बसतो. बालभारतीच्या पीडीएफचं अख्खं पान न सरकवता, मूळ आकाराच्या जवळपास दिसतं आणि शेजारी वही लिहायला अर्धा पडदा उरतो. बावीस इंचीची (खरा २१.५) उंची २७ सेंटीमीटरपेक्षा जराशी कमी, त्यावर पान थोडं बारीक होतं. वाचता येतं, पण पाचवीचा मुलगा पुढे वाकतो.

सत्तावीसच्या मोहात मात्र पडू नका. ठिपके तेवढेच, १९२० बाय १०८०, फक्त काच मोठी. हिशोब केला तर बावीसला इंचामागे साधारण १०२ ठिपके, चोवीसला ९३, सत्तावीसला ८२. या किमतीत सत्तावीस म्हणजे परत तापीचं_पाणी यांच्या 'मे' आणि 'मै'कडे जाणं.

तेव्हा जागा असेल तर चोवीस, टेबल अरुंद असेल तर बावीस.

अनेरकाठ

ताई, कागदाचं एकदम पटलं. टेबल म्हणजे लग्नात आलेलं डायनिंग टेबल आहे, जागा भरपूर. खुर्च्याही त्याच.

सातपुड्याची_ताई

मग थांबा, खुर्चीचंही बघावं लागेल. डायनिंग टेबल मोठ्यांच्या मापाचं, अडीच फूट उंच. पाचवीचं पोरगं त्यावर बसलं की पाय लोंबकळतात, खांदे कानाला लागतात आणि मॉनिटर डोक्याच्या वर जातो. आपल्याकडे सवय अशी की मॉनिटरखाली जुने दिवाळी अंक रचायचे. मोठ्यांसाठी ते चालतं, मुलांसाठी उलटं करायचं. मॉनिटर आहे तसा टेबलावर ठेवा, खुर्चीवर गोधडीची घडी टाकून मूल वर घ्या आणि पायाखाली पाट द्या. पडद्याची वरची कड त्याच्या डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली यावी. मान वर करून बघतंय असं दिसलं की काहीतरी चुकलंय.

या बजेटमधल्या स्टँडला वरखाली करायची सोय बहुधा नसतेच, नुसती पुढेमागे कलते. म्हणून पाट.

डबल_सोल्डर

धुळ्यात रिपेअरिंग करतो, अठरा वर्षं झाली. जरा लांबण लावतो, माफ करा.

आधी तुमचा जुना मॉनिटर. दोन सेकंद दिसून काळा पडतो ना? काळा पडल्यावर अंधारात त्याच्यावर तिरपी टॉर्च मारा. अंधुक चित्र दिसलं तर पडदा जिवंत आहे, मागचा दिवा किंवा त्याला वीज देणारं सर्किट गेलंय. पुष्कळदा आत दोनतीन कपॅसिटर वर फुगलेले सापडतात, बदलले की चालतो. स्वतः उघडू नका, वायर काढल्यानंतरही आत बराच वेळ विजेचा दाब राहतो. दुरुस्त झाला तरी तो आजोबांना द्या, पोरांना नको. मागच्या दिव्याला ट्यूब असलेले जुने मॉनिटर पिवळे पडलेले असतात.

आता नवा. गिऱ्हाईक मला विचारतं, कोणती कंपनी चांगली? मी उलटं विचारतो, बिघडला तर कुठे नेशील? आठ हजारांच्या मॉनिटरचं पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, गेलं तर नवं पॅनल जवळपास मॉनिटरच्याच किमतीत पडतं. म्हणजे वॉरंटीत असेल तर वाचलात, नसेल तर भंगार. नामांकित कंपन्यांची बहुधा ३ वर्षांची असते, काही स्वस्त नावांची एकच. एक वर्षवाला हजार रुपयांनी स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. आणि घ्यायच्या आधी कंपनीच्या नंबरवर फोन लावा, आपला पिनकोड सांगा, विचारा : माणूस घरी येतो की मी घेऊन जायचं? घेऊन जायचं तर जळगावला की नाशिकला? या एका फोनने निम्मी नावं गळतात.

बिल पक्कं घ्या. जीएसटी १८ टक्के आहे. 'बिलाशिवाय पाचशे कमी' म्हणणारा तुमची वॉरंटी कापतोय. बिल नसलं की कंपन्या बहुधा कारखान्याच्या तारखेपासून दिवस मोजतात आणि माल दुकानात सहा महिने पडलेला असू शकतो. मागच्या स्टिकरवर महिना-वर्ष छापलेलं असतं, ते वाचूनच खोका उचला.

मग आपल्याकडचा उन्हाळा. माहितीपत्रकात चालवायचं तापमान बघा, बहुतेकांचं ४० अंशांपर्यंत असतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला बाहेरच ४४-४५. पत्र्याच्या खोलीत दुपारी दोन वाजता किती होतं ते तुम्ही मला सांगा. एका दिवसात जळत नाही, पण आयुष्य कमी होतं. दुपारी बारा ते चार बंद ठेवा, भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, मागच्या जाळीवर कापड टाकू नका. झालरीचं कव्हर घालून तसाच चालू ठेवणारे लोक मी पाहिलेत!

दुसरा शत्रू कूलर. पोरांना वारा लागावा म्हणून कूलरचं तोंड टेबलाकडे करतात. आपलं बोअरचं पाणी क्षाराचं. त्या ओलसर वाऱ्याने मागच्या जाळीतून आत पांढरी पूड बसते आणि पिना गंजतात. माझ्याकडे जून-जुलैत येणाऱ्या मॉनिटरमधून ती पूड मी ब्रशने झाडतो. कूलर बाजूने वाहू द्या.

तिसरा शत्रू काच पुसायचा स्प्रे. पडद्यावर थेट फवारला की ओघळ खालच्या कडेत उतरतो. तिथेच पॅनलच्या नाजूक पट्ट्या चिकटवलेल्या असतात. मग उभ्या रेघा येतात, त्याला इलाज नाही, वॉरंटीही नाही. मऊ सुती कापड पाण्यात बुडवून घट्ट पिळा, मॉनिटर बंद करून पुसा.

गोलाणीचा_फेरा

सोल्डरभाऊंना मान देऊन जरा विरोध करतो. आठ हजार कशाला? कंपन्यांतून निघालेले जुने मॉनिटर मिळतात की. आमच्या घरी बावीस इंची आहे, १६८० बाय १०५०, स्टँड वरखाली होतो, आडवा-उभा फिरतो. अडीच हजारांत. तीन वर्षं झाली, बंद पडलेला नाही. स्वस्त नव्यापेक्षा श्रीमंताघरचा जुना बरा.

डबल_सोल्डर

त्यांचे स्टँड चांगले असतात हे खरंय. घेणाऱ्याने एवढं बघावं : मागे २०१२च्या आधीची तारीख नको, पांढरा पडदा लावल्यावर कडेला पिवळट झाक नको, आणि दुकानात निदान अर्धा तास चालू ठेवून मगच पैसे द्या. थंड असताना सगळे बरे दिसतात. तुमचा तीन वर्षं टिकला, आनंद आहे. माझ्याकडे तीन आठवड्यांत परत येतात तेही मीच बघतो.

चष्मेवाली_आई

जळगावहून. डोळ्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझ्या मुलीला चौथीत चष्मा लागला, तेव्हापासून या विषयात बरंच वाचलंय आणि डॉक्टरांना भंडावलंय.

'निळा प्रकाश रोखणारा' म्हणून दीड हजार जास्त मागत असतील तर देऊ नका. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीचं स्पष्ट म्हणणं आहे की पडद्याच्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होते याचा पुरावा नाही आणि त्यासाठीचे खास चष्मे ती सुचवत नाही. रात्री पडदा पिवळसर हवा असेल तर विंडोजमध्ये 'नाइट लाइट' फुकट आहे.

डोळे चुरचुरतात ते पापणी कमी लवते म्हणून. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा लवते, पडद्यासमोर पाच ते सात. वर कूलरचा वारा तोंडावर. घरात एक नियम लावलाय, दर वीस मिनिटांनी खिडकीतून समोरच्या निंबाच्या शेंड्याकडे वीस सेकंद बघायचं. वीस फुटांपलीकडे काहीही चालतं, आमच्याकडे निंब आहे.

अंतर हातभर, म्हणजे साधारण पंचवीस इंच. म्हणूनच मोबाइलपेक्षा मॉनिटर बरा. मोबाइल पोरं नाकाला लावतात.

आणि चष्म्याचा नंबर लागू नये म्हणून बाहेरचा उजेड लागतो, रोज दोन तासांच्या आसपास. तैवानने २०१० पासून शाळांतून रोज १२० मिनिटं मुलांना बाहेर काढायचा कार्यक्रमच हाती घेतला. आपल्याकडे आत्ता सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी उन्हं कलल्यावर जमेल तेवढं. मॉनिटर कितीही भारी घ्या, याला पर्याय नाही असं आमचे डॉक्टर म्हणतात.

'फ्लिकर-फ्री' हे लेबल मात्र कामाचं. काही मॉनिटर उजेड कमी केला की भराभर लुकलुकतात, ते कळत नाही पण डोकं दुखतं. दुकानात ब्राइटनेस वीसवर आणा, पांढऱ्या पडद्यासमोर पेन्सिल झपझप हलवा. सलग धूसर पंखा दिसला तर ठीक. पेन्सिलीच्या सुट्या सुट्या काड्या दिसल्या तर तो मॉनिटर ठेवून द्या.

शिरपूरकर

ऑनलाइनचा माझा अनुभव. कंपनीचं आणि साइटचं नाव लिहीत नाही. सेलमध्ये घेतला, नऊशे रुपये वाचले म्हणून बायकोला ऐटीत सांगितलं. सातव्या महिन्यात मधोमध हिरवी उभी रेघ. फोन केला, म्हणाले तुमच्या पिनकोडला माणूस येत नाही, मूळ खोक्यात पॅक करून पाठवा. खोका? खोक्याचे आम्ही गणपतीत डोंगर केले होते. मग थर्मोकोल आणा, पुठ्ठे आणा, कुरिअरचे साडेसहाशे द्या. पाच आठवडे गेले. त्यातल्या दोन आठवड्यांत रोज 'तुमची तक्रार प्रक्रियेत आहे'. शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली, मग आठ दिवसांत दुसरा मॉनिटर आला.

हेही माहीत असू द्या : २०१९च्या ग्राहक कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, कंपनी मुंबईला असो की बंगळुरूला. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. माझ्यावर ती वेळ आली नाही, पण फोनवर तसं म्हटल्यावर समोरचा आवाज जरा मऊ झाला.

खापरावरची_पोळी

नऊशे वाचले, साडेसहाशे कुरिअर. अडीचशेची शेवभाजी खाल्ली का मग?

शिरपूरकर

बायकोने विचारलेला प्रश्न इथे परत विचारू नये.

तापीचं_पाणी

अनेरकाठ, पॅनलचं राहिलं. टीएन, आयपीएस, व्हीए हे त्याचेच प्रकार. थोडक्यात, आयपीएस घ्या. दोघं भावंडं शेजारी बसून बघणार ना? टीएनवर बाजूने बघणाऱ्याला रंग उडालेले दिसतात आणि मग 'माझ्याकडे वळव' म्हणून मारामारी. व्हीएचा काळा रंग छान, सिनेमाला बरा, पण गडद भागात हललं की मागे शेपूट राहते. एक मिलीसेकंद वगैरे (ठिपका रंग किती चटकन बदलतो ते) जाहिरातीचं, सोडून द्या. शंभर हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला शंभरदा चित्र बदलणं, आता स्वस्तातही मिळतं, पान सरकवताना बरं वाटतं. मिळालं तर मिळालं.

मागच्या वायर लावायच्या जागा नीट बघा. तुमच्या सीपीयूला एचडीएमआय आहे की नुसता निळा व्हीजीए? आणि मॉनिटरला स्पीकर बहुधा नसतो, हे दुकानदार सांगत नाही.

अनेरकाठ

सगळ्यांचे आभार. काल जळगावला जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कुणाच्या तरी कामी येईल.

आधी तीन कंपन्यांना फोन. एक म्हणाली नाशिकला आणा. एकीने पिनकोड तीनदा विचारला आणि फोन ठेवला. तिसरी म्हणाली पॅनलची तक्रार असेल तर माणूस येईल, चोपड्यापर्यंत येईल, गावात 'बघू'. तिसरी घ्यायची ठरवली.

दुकानात पेनड्राइव्ह घेऊन गेलो. मुलीने त्यात पांढरं, काळं, लाल, हिरवं, निळं अशी पाच चित्रं आणि मराठीच्या पुस्तकाचं एक पान टाकून दिलं होतं. ए-फोर कागद काढून पडद्याला लावला तेव्हा दुकानदार हसला, पेन्सिल हलवायला लागलो तेव्हा त्याने पोऱ्याला चहा सांगितला. पहिल्या मॉनिटरवर निळ्या चित्रात उजव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका सापडला. तो म्हणाला, एक ठिपका वॉरंटीत येत नाही, सगळ्यांचंच असं असतं. मी म्हटलं, म्हणूनच आत्ता बघतोय, नंतर काय बघणार. दुसरा खोका उघडून दिला, तो स्वच्छ निघाला.

२३.८ इंची, आयपीएस, शंभर हर्ट्झ, ३ वर्षं, जीएसटीच्या बिलासकट ७,८०० रुपये. मागच्या स्टिकरवर तीनच महिन्यांपूर्वीची तारीख. अ‍ॅडाप्टरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-ने सुरू होणारा नंबरही बघून घेतला, १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय, आपल्या सिंगल फेजच्या कमीजास्त दाबाला बरं.

घरी आल्यावर दोन गोष्टी अडल्या. एचडीएमआय लावली आणि कॉम्प्युटरचा आवाज गेला. अर्धा तास वायरी हलवल्या. मुलगी म्हणाली, बाबा, आवाज मॉनिटरकडे गेलाय आणि त्याला तोंडच नाही. सेटिंगमध्ये जाऊन परत जुन्या स्पीकरवर वळवला. दुसरं, उजेड डोळ्यात घुसत होता. शेजारी कोरा कागद धरून पडदा कागदाइतकाच पांढरा दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवत गेलो, २८ वर थांबलो.

डबल_सोल्डर

झकास. पाऊस-विजा सुरू झाल्या की नुसतं बटण बंद करू नका, पिन काढून ठेवा. वळवाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात रांग असते. खोका कुठे ठेवलाय?

अनेरकाठ

माळ्यावर, थर्मोकोलसकट. त्यावर मुलाने 'डोंगर करू नये' असं लिहिलंय.

सातपुड्याची_ताई

पाट दिला का पायाखाली?

अनेरकाठ

दिला होता ताई. आठवडाभर छान चाललं. आता आईने परत नेलाय, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घागर पुजायला लागतो म्हणून. सध्या दोन विटांवर पोतं टाकून भागवलंय.